तळ्याचा ताप

ही हकीकत मी आजवर तीन माणसांना सांगितली. त्यातली एक माझी बायको. तिला सांगितली म्हणण्यापेक्षा तिच्यापासून ती लपली नाही, असं म्हणणं जास्त खरं. बाकी दोघांचं पुढे येईलच. लिहून काढायचं मात्र टाळत आलो. लिहायचं म्हणजे क्रम लावावा लागतो. काय घडलं त्याचा क्रम मला लावता येतो. त्या त्या वेळी मी काय समजून चाललो होतो, त्याचा काही केल्या लागत नाही.

युद्ध चालू होतं. पारनेरच्या अंगाला बांध घातलेलं एक जुनं सरकारी तळं आहे. नाव लिहीत नाही. तिथे मी पाणी मोजणारा कारकून होतो. पाणी सोडायच्या मोरीजवळच्या दगडी पट्टीवर पाणी किती चढलं, किती उतरलं, पाटाला किती सोडलं, हे रोज वहीत मांडायचं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, मीही तिथेच शिकलेला, इंग्रजी बरी होती, म्हणून ही नोकरी मिळाली. बायको नर्स होती. आसपासच्या गावांतून बाळंतपणाला तिला बोलावणं यायचं. बांधाच्या टोकाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथे कुणी आम्हाला फारसं विचारत नव्हतं आणि मला तेच बरं वाटत होतं.

माझे वरिष्ठ एक इंग्रज साहेब होते, पन्नाशीचे. त्यांना गळाने मासे धरायचा नाद होता. खाण्यासाठी नव्हे. पुष्कळदा धरलेला मासा ते हातात तोलून बघत आणि परत पाण्यात सोडत. गावातले लोक त्यांना वेडे समजत. पूर्वी ते कोकणपट्टीला नोकरीवर होते, आणि तिथल्या खडकांवर उभं राहून समुद्रात गळ टाकण्यात त्यांची सगळी सुट्टी जायची. एका वर्षी, ते सांगत, समुद्र गार झालाच नाही. थंडी सरली, शिमगा गेला, तरी पाण्यात हात घातला की कोमट. त्या वर्षी खडकापाशी नेहमी येणारे मासे आले नाहीत. त्यांच्याऐवजी दक्षिणेकडचे, तिथल्या कोळ्यांनीही कधी न पाहिलेले मासे गळाला लागले. कोळी म्हणाले, देव कोपला. साहेबांनी मात्र तेव्हापासून पाण्यात थर्मामीटर सोडून आकडे लिहायला सुरुवात केली.

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. एवढं पाणी कोमट कोण करतं, असं मी त्यांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले की हे कळलं असतं तर मी इथे कशाला आलो असतो. मग त्यांनी मला समजावलं की माशाच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते; पाणी जेवढं गरम तेवढाच मासाही गरम, आणि पाणी फार तापलं की त्यातली हवा कमी होते. समुद्रातल्या माशाला निघून जायला जागा असते. तळ्यातल्याला खाली खोल पाण्यात जाण्यापलीकडे काही करता येत नाही. तो कधी खाली जातो आणि कधी वर येतो, हे त्यांना आमच्या तळ्यावरून शोधून काढायचं होतं.

म्हणून माझ्या कामात एक भर पडली. पितळी नळकांड्यातलं एक लांब थर्मामीटर त्यांनी मला आणून दिलं. रोज दुपारी तळ्यात तीन ठिकाणी जाऊन ते दोरीने सोडायचं, एकदा हातभर, एकदा पुरुषभर आणि एकदा तळापर्यंत, आणि आकडे वेगळ्या वहीत लिहायचे.

मला पोहता येत नव्हतं. आत नेण्याचं काम भोईबाबांकडे आलं. भोईबाबा तळ्याच्या दक्षिण काठाला झोपडी करून राहणारे म्हातारे कोळीकाम करणारे गृहस्थ. बायको वारलेली, मुलगी नेवाशाकडे दिलेली. तळ्याच्या अर्ध्या भागात जाळं टाकायचा त्यांना परवाना होता आणि त्यावरच त्यांचं चालायचं. वाळक्या भोपळ्यांना लाकडं बांधून केलेली त्यांची सांगड होती. तिच्यावर पुढे मी, मागे ते. भोपळे करकरायचे, माझं धोतर भिजायचं, आणि मी दोरी सोडून दोन्ही हातांनी लाकूड धरून बसायचो. त्यांना याची फार गंमत वाटे. मला ते मास्तर म्हणत, पण काठावर कुणी भेटलं की सांगत, हे पान्याचे डाक्टर, रोज दुपारी येऊन तळ्याचा ताप बघत्यात.

साहेब महिन्यातून एकदा मोटारीने यायचे, काठावरच्या बंगल्यात उतरायचे आणि सकाळ-संध्याकाळ गळ टाकून बसायचे. त्यांच्याकडे विलायती काठी, रीळ, आणि आमिष म्हणून चमकणारा एक पत्रा होता, चमच्याच्या आकाराचा. भोईबाबा आपली बांबूची काठी आणि कणकेची गोळी घेऊन दहा पावलांवर बसायचे. एकदा त्यांनी तो पत्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मला म्हणाले, "मास्तर, आमी माशाला हातानं जेवू घालतो. सायेब चमच्यानं घालतो. लई लाडाचा मासा हाय त्येंचा." मी हे इंग्रजीत सांगितल्यावर साहेब इतके हसले की काठी खाली ठेवावी लागली. पुढे प्रत्येक वेळी आले की ते मला विचारायचे, म्हातारा आज काय म्हणतो. दोघांमध्ये मीच बोलणं नेत-आणत असे. साहेबांना थोडी मराठी कळायची, पुस्तकातली. बाबांची बोली त्यांना मुळीच कळत नसे. भरउन्हात मासा गळाला का लागत नाही, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, वैशाखात भर दुपारी तुमी तरी पोटभर जेवता का? साहेबांनी हे वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं. मला वाटतं, त्यांना एवढं मन लावून ऐकणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं. बाबांनाही.

पुढच्या चैत्रात ते थर्मामीटर फुटलं. सांगडीपर्यंत पोहोचण्याआधी, बांधाच्या पायऱ्यांवर. दोरी कुजली होती आणि ती बदलायचं मी आठ दिवस चालढकल करत होतो. नळी दगडावर पडली, पारा फटींत गेला. आसपास कुणी नव्हतं.

साहेबांना एक चिठ्ठी पाठवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. ते रागावले असते, फार तर. पण असली वस्तू युद्धात मिळत नाही, नीट सांभाळ, असं त्यांनी देतानाच बजावलं होतं, आणि मला बोलणी खायची भीती लहानपणापासून फार. मी ठरवलं की पुढल्या महिन्यात ते आले की समोरासमोर सांगू. तोवर वही कोरी दिसू नये म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं पान काढलं आणि त्यात एखादा अंश इकडेतिकडे करून आकडे उतरवले. पितळी नळकांडं रिकामंच भिंतीला टांगून ठेवलं. बाबांना सांगितलं की साहेबांनी आता काठावरूनच मोजायला सांगितलंय. ते म्हणाले, "बरं झालं. तुमच्या धोतराचा जीव वाचला."

साहेब आले, वही पाहिली, सही केली. मी सांगितलं नाही. का नाही, हे आता आठवायला गेलो तर निरनिराळी कारणं सुचतात आणि सगळीच नंतर बनवलेली वाटतात. त्या दिवशी ते खुशीत होते, एवढं आठवतं.

मागचं वर्ष चांगल्या पावसानंतरचं होतं. तळं भरलेलं होतं, वारा होता. हे वर्ष तसं नव्हतं. वैशाखात पाणी इतकं आटलं की दक्षिणेकडच्या खोलगटातही दीड पुरुषापेक्षा जास्त उरलं नाही, आणि मासे सगळे तिथेच गोळा झाले. मग वारा पडला. आभाळ भरून यायचं, पाऊस यायचा नाही, रात्रीसुद्धा अंगाला घाम. पाटावर पाय धुवायला गेलो तर पाणी ऊन लागलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण लिहितोय ते आकडे आणि हे पाणी यांचा काही संबंध नाही.

त्याच आठवड्यात साहेबांची चिठ्ठी आली. रविवारी नगरच्या कॅम्पातले दोन पाहुणे अधिकारी घेऊन येतोय, गळाला मासा मिळेल का; खोलगटातलं पाणी ऐंशी अंशांच्या आत आहे का, एवढं कळवावं.

मी बायकोच्या पेटीतून ताप पाहायचं थर्मामीटर काढलं. ती तिसगावकडे बाळंतपणाला गेली होती. ते घेऊन मी एकटाच काठाकाठाने खोलगटापर्यंत गेलो आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून नळी बुडवली. पारा सत्त्याण्णवावर गेला. माणसाला ताप नसताना असतो जवळपास तेवढा. मी घाबरलो. मग छातीइतक्या पाण्यात गेलो, नळी काठीला बांधून खाली तळाशी धरली आणि बराच वेळाने वर काढली. पारा सत्त्याण्णवावरच. वर सत्त्याण्णव आणि तळाशीही सत्त्याण्णव, हे शक्य नाही, एवढं मला वर्षभराच्या सरावाने कळत होतं. पुन्हा बुडवली, पुन्हा तेच. घरी येऊन रांजणातल्या गार पाण्यात धरली तरी सत्त्याण्णव.

तेव्हा मी असं ठरवलं की ही नळी माणसासाठी आहे. तिला पाण्याचा ताप कळत नाही. आज हे लिहिताना हसू यावं, पण त्या दुपारी मला ते अगदी पटलं होतं. किंवा पटवून घ्यायला बरं वाटलं होतं. यातलं कुठलं, ते मी सोडून दिलंय. वहीतला आकडा पाहून मी साहेबांना उत्तर लिहिलं: खोलगटात अठ्ठ्याहत्तर.

रविवारी साहेब आणि दोन पाहुणे आले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच्याही गळाला काही लागलं नाही. भोईबाबा मागे उकिडवे बसून होते; मला हळूच म्हणाले की मासा वर येऊन तोंड उघडतोय, लक्षण बरं न्हाई. मी ते पुढे सांगितलं नाही. पाहुण्यांनी साहेबांची थट्टा चालवली होती आणि मध्ये बोलायला मला जागा दिसली नाही. पाहुणे तिन्हीसांजेला परत गेले. साहेब बंगल्यात राहिले.

सोमवारी सकाळी दक्षिण काठ पांढरा दिसत होता. मासे उलटे होऊन काठाला लागले होते, पोटं वर. मोठ्या खवल्यांचे, ज्यांच्यासाठी साहेब येत, ते तर सगळेच. मरळ तेवढे जिवंत होते. मरळ वर येऊन हवा घेतो, तो चिखलातही जगतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त पाहत उभा राहिलो. वास यायला लागला होता.

साहेब आले. काठाने चालत गेले, एक मासा उचलून त्याचे कल्ले उघडून पाहिले, परत ठेवला. पुढे भोईबाबांच्या झोपडीपाशी काठाची माती काळपट-तांबडी झालेली होती आणि तो रंग पाण्यात उतरला होता. बाबांनी आदल्या दिवशी जाळी रंगवली होती. बाभळीची साल उकळून त्या काढ्यात जाळं बुडवतात म्हणजे ते कुजत नाही. उरलेला काढा ते काठावरच ओतत. मला हे माहीत होतं. साहेबांना नव्हतं. डोंगरातले लोक झाडांच्या साली आणि फळं कुटून डोहात टाकतात आणि मासे मारतात, हे मात्र त्यांना माहीत होतं, आणि त्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

त्यांनी आवाज चढवला नाही. बाबांना समोर बोलावून शांतपणे विचारलं, मराठीत, मासे कशाने मेले?

बाबा म्हणाले, "पानी लागलं, सायेब. दुसरं काय न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतो?

आपल्याकडे कुणी परमुलखात गेला आणि आजारी पडला की आपण म्हणतो, त्याला तिथलं पाणी लागलं. यात कुणी काही केलेलं नसतं. पाण्याचा दोष, अंगाचा दोष, दिवसांचा दोष, काय ते असो. बाबांनी म्हटलं ते एवढंच होतं: पाणी ऊन झालं, माशांना सोसवलं नाही. हे मला पुरतं समजलं होतं. आणि हे असंच इंग्रजीत सांगितलं तर साहेब पुढचा प्रश्न काय विचारणार, तेही समजलं होतं. पाणी ऊन होतं तर तुझ्या वहीत अठ्ठ्याहत्तर कसे?

मी म्हणालो की तो म्हणतो, पाणी बिघडवलं गेलं.

हे शब्द मी निवडले का? वीस वर्षं मी याच एका ठिकाणी येऊन थांबतो. मिशनच्या शाळेत आम्हाला इंग्रजी वाक्याचा कर्ता शोधायला शिकवलं होतं. प्रत्येक वाक्यात तो असलाच पाहिजे, दिसत नसेल तर लपलेला असतो, असं मास्तर म्हणत. 'लागलं' याला कर्ता नाही. मला तो इंग्रजीत तसाच, कर्त्याशिवाय, उतरवता आला नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण 'बिघडलं' आणि 'बिघडवलं गेलं' यांतला फरक मला इंग्रजीतही येत होता. चांगला येत होता.

साहेबांनी विचारलं, कुणी बिघडवलं? मी मान खाली घातली. बाबांना वाटलं असणार की मी साहेबांपुढे अदबीने उभा आहे. साहेबांना काय वाटलं ते उघड आहे.

तरी त्यांनी घाई केली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी पाण्याचा ताप लिहिलेली वही मागवली. मी धावत जाऊन आणली. काठावर उभं राहून त्यांनी चैत्र-वैशाखाची पानं चाळली, दोनदा. पाणी गार होतं. मग दुसरं कारण उरलं नाही. वही मिटून ते मला म्हणाले, याला सांग की परवाना रद्द, आठ दिवसांत जागा सोडायची; पोलिसांत मी देत नाही, कारण मी त्याच्या शेजारी बसलो आहे.

हे मी बाबांना शब्द न् शब्द सांगितलं. त्या दिवशी मी केलेलं तेवढंच भाषांतर बिनचूक होतं.

साहेब बंगल्याकडे गेल्यावर बाबांनी माझा हात धरला. ते गोंधळले होते, रागावलेले नव्हते. "मास्तर, तुमी सांगितलं न्हवं त्येला? पानी लागलं म्हून?"

"सांगितलं, बाबा."

"मंग?"

मी म्हणालो की साहेब ऐकत नाहीत.

"आसं कसं ऐकत न्हाई," ते म्हणाले. "माजं तर लई ऐकतो त्यो."

दुसऱ्या दिवशी बायको तिसगावहून परत आली. पेटी लावताना तिने थर्मामीटर उजेडात धरलं आणि मला विचारलं, सत्त्याण्णव कुणाचा? मी म्हणालो, कुणाचा नाही. तिने मनगट झटकलं, दोनदा, आणि पारा सरसर खाली उतरला. मी बघत राहिलो. ते झटकावं लागतं, एरवी चढलेला पारा चढलेलाच राहतो, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पहिला आकडा खरा होता. वरच्या पाण्याचा सत्त्याण्णव खरा होता, आणि नळीला पाण्याचा ताप बरोबर कळला होता.

तिने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आठ दिवस आहेत ना अजून? मग आज जा." मी त्या दिवशी गेलो नाही. उद्या जाईन म्हणालो. रोज सकाळी ती माझ्याकडे पाहायची. सहाव्या दिवशी नगरला साहेबांकडे जायला म्हणून निघालो आणि मोटार चुकली, म्हणजे मी ती चुकवली. आठव्या दिवशी झोपडी मोडलेली होती. बाबा लेकीकडे, नेवाशाच्या अंगाला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. सांगड त्यांनी काठावरच सोडली होती. साहेब त्यानंतर गळ घेऊन आमच्या तळ्यावर आले नाहीत; पावसाळ्यात त्यांची बदली झाली आणि पुढे ते देश सोडून गेल्याचं कळलं.

मला बढती मिळाली नाही, शिक्षाही नाही. नवं थर्मामीटर कुणी दिलं नाही आणि ते मोजमाप आपोआप बंद पडलं.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर एक तरुण अधिकारी आमच्याकडे आला. मराठी बोलणारा, हुशार, घाईत असलेला. तळ्यात माशांचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, सोडायचं आणि हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी एक काठ राखून ठेवायचा, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. कपाटातून त्याने साहेबांच्या वह्या काढल्या आणि मला विचारलं, "अहो, दोन्ही उन्हाळ्यांत पाणी इतकं सारखं कसं? बी सोडायचं ते याच आकड्यांवर ठरवणार आहे मी."

मी त्याला सांगितलं. का त्याच दिवशी, ते सांगता येत नाही. कदाचित त्याने मराठीत विचारलं म्हणून. थर्मामीटर, चिठ्ठी, सत्त्याण्णव, पाणी लागलं, सगळं. तो खुर्चीत मागे टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग यातले खरे कुठपर्यंतचे?" चैत्रातल्या कुठल्या दिवशी नळी फुटली ते मला पक्कं आठवेना. त्याने लाल पेन्सिलीने दोन्ही वह्यांवर आडवी रेघ मारली, पहिल्या वर्षाच्याही. सांगडीवर जीव मुठीत धरून घेतलेले ते आकडे खरे होते, असं मी म्हणालो. तो म्हणाला, असतील, पण मला आता ते कसे कळणार?

मग त्याने भोयाचं विचारलं. परवाना परत देता येईल, म्हणाला. त्याने यावं, घडलेलं सांगावं, मी लिहून घेतो, त्यावर अंगठा करावा, एवढंच लागेल. मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली.

बाबांचा ठावठिकाणा काढायला दोन महिने गेले. शेवटी कळलं की ते शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात बसतात. तिथे जनावरांच्या गर्दीच्या कडेला, दोर आणि दावी विकणाऱ्यांच्या रांगेत ते मला सापडले. सुतळीच्या मुसक्या विणून विकत होते, पेरणी-मळणीच्या वेळी बैलांच्या तोंडाला बांधतात त्या. जाळं विणणारा माणूस ते सहज करू शकतो. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या डाक्टर," म्हणाले आणि गोणपाट सरकवून जागा केली.

मी बसलो आणि सांगून टाकलं. मोटारीत बसून ठरवलेलं बोलणं सगळं विसरलो. शेवटापासून सुरुवात केली, मध्येच मागे गेलो. थर्मामीटर फुटलं हे सांगायचं राहिलं ते परत सांगितलं. त्यांचे हात विणत होते. मी इंग्रजीत काय बोललो ते दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. हात थांबले.

"म्हंजे सायबाला वाटलं, मी औषध घातलं."

"हो."

"आन् त्यो गेला तवा बी त्याला तसंच वाटत हुतं."

"हो, बाबा."

एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी त्याला दोन मुसक्या दाखवल्या, ते न घेताच गेलं. मग त्यांनी विचारलं, पाणी किती ऊन झालं होतं. मी सांगितलं, आपल्या अंगाइतकं. ते म्हणाले, "व्हय, तेवढं आसंल," जणू एवढीच एक गोष्ट त्यांना पक्की करून हवी होती.

मी परवान्याचं सांगितलं. नवा अधिकारी चांगला आहे, बाबांनी यायचं, घडलेलं सांगायचं, अंगठा द्यायचा. त्यांनी हातातली मुसकी पुरी केली. मग म्हणाले, "लिहून तुमी द्या मास्तर. मी काय केलंच न्हाई, तर मी काय लिहून देऊ?"

मी म्हणालो की तसंच लिहायचं, काही केलं नाही म्हणून.

"ते त्या सायबाला सांगायचं हुतं. ह्या सायबाला मी वळखत बी न्हाई."

साहेब आता कुठे आहेत ते मला माहीत नाही, असं मी म्हणालो. ते म्हणाले, मला तरी कुठं ठावं हाय. आणि त्यांनी सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, ताणून धरा म्हणून, आणि दुसऱ्या टोकाला पीळ द्यायला लागले. मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, "बोलू नका, पीळ सुटंल." तसा मी बाजार उठेपर्यंत त्यांच्या सुतळ्या धरत राहिलो. निघताना त्यांनी माझ्या बायकोची चौकशी केली, मूलबाळ किती ते विचारलं. परवान्याचं नाव काढलं नाही.

माझ्या बाजूचं सगळं मी लिहून दिलं. त्या अधिकाऱ्याने ते कागद लावून ठेवले, पण अर्जदारच नाही तर मी काय करू, म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. पुढच्या वर्षी परवाना दुसऱ्याच कुणाला गेला. मी बदली मागून घेतली.

बाबा परत आले असते तर मी सुटलो असतो. हे त्यांना कळलं होतं आणि म्हणून ते आले नाहीत, की मी त्या हिशेबात कुठेही नव्हतो आणि त्यांना फक्त त्या एका माणसापुढे आपलं खरं करून दाखवायचं होतं, हे मी बायकोला पुष्कळदा विचारलं. ती म्हणते, तुम्हाला अजूनही असं वाटतं की सगळं तुमच्याभोवती झालं. असेल तसं. पुढे मी दोनदा शुक्रवार साधून घोडेगावला गेलो. पहिल्या वेळी ते होते, आणि आम्ही बैलांच्या भावाबद्दल बोललो. दुसऱ्या वेळी त्यांच्या जागेवर एक बाई घुंगरं विकत बसली होती. तिला काही माहीत नव्हतं.